कुठले मोरे, कुठले साने?

आकुर्डीकडून चिखलीला जाताना साने चौक लागतो. पीएमपी, कंपन्यांच्या बस आणि टेम्पोंच्या गर्दीत त्या नावाकडे कुणी वळून पाहत नाही, कारण साने हे चिखलीच्या गावकीतलेच आडनाव. चाकणच्या मोटार कारखान्यात कामासाठी आलेला एखादा जर्मन इंजिनिअर मात्र ती पाटी वाचून थबकेल. त्याच्या देशाच्या फुटबॉल संघातून खेळलेल्या लेरॉय सानेचे आडनाव हेच. लेरॉयचे वडील सुलेमान साने हेही फुटबॉलपटू, मूळचे सेनेगालचे.

नवलाची गोष्ट अशी की पश्चिम आफ्रिकेत साने आणि माने ही आडनावे जोडीने येतात. आजच्या सेनेगाल, गांबिया आणि गिनी-बिसाऊच्या मुलखात १८६७ पर्यंत काबू नावाचे राज्य होते. तिथली सत्ता 'न्यांचो' म्हणवणाऱ्या सरदार घराण्यांच्या हाती असे आणि त्यांत साने व माने हीच प्रमुख. फुटबॉलपटू सादिओ माने त्याच मुलखातला, दक्षिण सेनेगालचा. इकडे म्हसवडचे माने मराठ्यांच्या इतिहासात गाजलेले. साने म्हटले की बहुतेकांना आठवतात ते पालगडला १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी, कोकणातल्या चित्पावन घरातले. चिखलीचे साने मराठा. म्हणजे सेनेगालपर्यंत जायलाच नको. महाराष्ट्रातच एका नावाची दोन वेगळी मुळे सापडतात.

असे का घडते, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. एखाद्या भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर धरले, तर व्यंजन-स्वर अशा जोडीची १०० अक्षरे होतात आणि त्यांपासून दोन अक्षरी शब्द बनतात फक्त १० हजार. जगात भाषा सुमारे सात हजार आणि प्रत्येकीत आडनावे शेकड्यांनी. स, म, न हे आवाज तर बहुतेक सगळ्या भाषांत आहेत. तेव्हा साने, माने यांसारखी छोटी नावे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली नसती, तरच आश्चर्य.

मोरे हे नाव याहून गुंतागुंतीचे. 'युटोपिया' हे पुस्तक १५१६ साली लिहिणारा इंग्लंडचा सर थॉमस याच्या आडनावाचा उच्चार 'मोर'. पण रोमन लिपीत ते आपल्या मोऱ्यांसारखेच लिहितात, त्यामुळे कंपनीच्या ओळखपत्रावर दोघांत फरक उरणार नाही. त्या इंग्रजी नावाचे मूळ बहुधा माळरान किंवा दलदल या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. क्युबाचा विख्यात गायक बेनी मोरे याचा उच्चार मात्र थेट आपला. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला, आणि हे आडनाव त्याला मिळाले ते मालकाचे. त्या नावात रक्ताचे नाते नाही, विक्रीची नोंद आहे. हे वाचल्यापासून बेनीचे गाणे मला पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

आपल्या मोऱ्यांचे नाते मोराशी जोडतात. अनेक मोरे कुळांचे देवकही मोराचे पीस. पाली ग्रंथांत पिप्फलिवनाच्या 'मोरिय' गणाचा उल्लेख येतो आणि बौद्ध परंपरा त्यांचे नाव मोरावरूनच सांगते. दुसऱ्या पुलकेशीच्या इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोकणातल्या मौर्यांच्या पराभवाची नोंद आहे. त्यानंतर आपल्या डोळ्यांपुढे येतात ते थेट जावळीचे चंद्रराव मोरे, ज्यांच्याकडून १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मौर्य ते मोरे ही साखळी ऐकायला छान वाटते; पण मधल्या हजार वर्षांच्या पिढ्यांचा सलग पुरावा नाही. शिवाय मोरे मराठ्यांत आहेत, माळ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. त्या सगळ्यांना एकाच पूर्वजाला नेऊन बांधणे म्हणजे जगातल्या सगळ्या सान्यांना चिखलीचे म्हणण्यासारखे.

नाते तपासायचे साधन आता हाताशी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळपास जसेच्या तसे मिळते, म्हणजे आडनाव जाते त्याच वाटेने. त्यावरची सुमारे सव्वासहा कोटी अक्षरे २०२३ मध्ये पहिल्यांदा सलग वाचली गेली. काही ठिकाणी एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो ती संख्या पिढ्यांगणिक फार हळू बदलते, म्हणून ती वंशाची खूण ठरते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत एकच खूण निघाली. पुढे २००९ मध्ये लेस्टरच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास केला. दुर्मिळ आडनावांचे लोक बरेचदा एका पूर्वजाचे निघाले. स्मिथसारख्या नावात तसे काहीच आढळले नाही, कारण लोहार प्रत्येक गावात असतो.

आपल्याकडे ही चाचणी आणखी चकवील. आपण दत्तक घेतो. कोल्हापूरचे राजर्षी शाहू जन्माने कागलचे घाटगे. १८८४ मध्ये दत्तक गेले आणि भोसले झाले. नाव एका घराण्याचे, गुणसूत्र दुसऱ्याचे. काबूच्या न्यांचोंमध्ये तर हा दर्जा आईकडून मिळे. तिथे वाय गुणसूत्र पाहून काय कळणार?

चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये एक युक्ती काढली होती. त्याचे आईवडील सख्खी आते-मामे भावंडे, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. एकाच आडनावाच्या वधूवरांची लग्ने मोजायची आणि त्यावरून चुलत-आतेमामे भावंडांमधल्या लग्नांचे प्रमाण काढायचे. ही युक्ती देहूत किंवा चाकणला वापरली तर पार फसेल. इथे एका देवकात सोयरीक होत नाही, तेव्हा मोरे-मोरे लग्ने जवळपास शून्य दिसतील. मामाची मुलगी मात्र चालते, आणि तिचे आडनाव वेगळे असते. म्हणजे नात्यातली लग्ने त्याच्या मोजणीत येणारच नाहीत. पित्याची वंशरेषा न मिसळण्याची दक्षता आपल्या लोकांनी आडनावापेक्षा देवकावर सोपवली, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

म्हणूनच भोसरी, मोशी, चाकणला खोली शोधणाऱ्या पोरांना विचारला जाणारा प्रश्न ऐकून संताप येतो. आडनाव सांगितले की लगेच 'कुठले मोरे?' गाव जाणून घेण्यापुरता तो प्रश्न नसतो. त्यातून जात काढायची असते. चार शतके जुना इतिहास आणि सव्वासहा कोटी अक्षरांचे गुणसूत्र जे ठामपणे सांगू शकत नाही, ते घरमालकाला जिन्यात उभे राहून हवे असते.

देहूतच पाहा. तुकोबांचे कुळ मोरे, आडनाव आंबिले. एकाच माणसाला दोन नावे होती आणि वंशजांत टिकले ते कुळाचे. शेजारच्या चिंचवडला उलटे झाले. मोरया गोसावींचे वडील परंपरेनुसार आडनावाने शाळिग्राम. आख्यायिका अशी की त्यांच्या वंशातल्या चिंतामणी महाराजांना तुकोबांनी 'देव' म्हटले, आणि तेव्हापासून घराणे देव झाले. गुणसूत्र तेच राहिले, नाव एका संताच्या तोंडून आले.

देव हे आडनाव आसामातल्या बराक खोऱ्यातल्या बंगाली घरांतही आहे. चाकणच्या एखाद्या कँटीनच्या रांगेत सिलचरचा देव आणि चिंचवडचा देव ताट घेऊन मागेपुढे उभे असतील, आणि हजेरीपटावर त्यांना वेगळे करायला टोकन नंबरच लागत असेल.