बारा महिन्यांची ओवाळणी

दिवाळी अंकात मधुमेहाविषयी लिहायचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकांच्या पुढ्यात या क्षणी फराळाची ताटली असेल, आणि घरातले कोणी वडीलधारे "मला अर्धीच दे हो" असे म्हणत सबंध करंजी उचलत असेल. उचलू द्या त्यांना! पथ्यावर प्रवचन करण्याचा माझा विचार नाही. मला सांगायची आहे ती एका दानाची गोष्ट. ते दान मीच केले होते आणि ते साफ फसले होते. म्हणून ती सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले युसूफ वडगाव हे माझे मूळ गाव. नोकरीने मी पुण्याचा झालो, तरी दिवाळीत एक फेरी तिकडे होतेच. आमच्या घरामागच्या गल्लीत एक आजी आणि तिची नात राहतात. मुलीचे आईबाप ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांची हीच रीत. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकात भरायचे, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपी उभारून चार-पाच महिने ऊस तोडायचा. नवराबायको मिळून तिथे ‘एक कोयता’ धरला जातो. म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले पुष्कळदा मागे गावातच राहतात.

या मुलीला नवव्या वर्षी मधुमेह झाला. सारखी तहान, सारखी लघवी, आणि चांगलीचुंगली पोर महिन्याभरात काटकी झालेली. एके दिवशी ती निपचित पडली, तेव्हा तिला अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तिथे ती वाचली. "उसाच्या फडात वाढलेली पोर, ऊस खाऊन खाऊन साखर झाली," असे गावातली शहाणी माणसे म्हणाली. हे अगदी खोटे. लहान मुलांना होणारा हा मधुमेह, ज्याला डॉक्टर ‘टाइप १’ म्हणतात, गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच वाट चुकते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यात मुलाचा दोष नाही, आईचा नाही आणि उसाचा तर नाहीच. मोठ्या माणसांचा मधुमेह पुष्कळदा गोळ्यांवर आणि पथ्यावर भागतो. या मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. ते थांबले की आयुष्याचे दिवस बोटांवर मोजावे लागतात.

त्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. मन हेलावले. पुण्याहून चांगल्यातले एक साखर मोजण्याचे यंत्र मागवले, सोबत ५० पट्ट्यांची एक डबी, आणि भाऊबीजेच्या दिवशी ते आजीच्या हाती दिले. गल्ली गोळा झाली होती. मी यंत्र कसे चालवायचे ते दाखवले, मुलीने धीटपणे बोट पुढे केले, आकडा उमटला, सगळ्यांनी माना डोलावल्या. परतताना एस.टी.त मी स्वतःवर फार खूश होतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या दिवाळीला गेलो तो यंत्र देवळीत! कुंची घातल्यासारखे लाल फडक्यात गुंडाळून, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेले. "आजी, रोज तपासता ना?" मी विचारले. आजी ओशाळून हसली.

"यंत्र लई गुणाचं हाय भाऊ. पर त्याला चारा लागतो. तेवढा चारा आमच्यापाशी कुठला?"

दिवसातून तीनदा तपासायचे म्हटले, तर ५० पट्ट्या सोळा-सतरा दिवसांत संपतात. माझे दान तेवढे दिवस टिकले होते. पुढचे साडेअकरा महिने आजीने अंदाजाने इन्सुलिन टोचले होते. मधे एका रात्री पोर जेवली नव्हती आणि इन्सुलिन मात्र नेहमीइतके दिले गेले. मध्यरात्री तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळले. साखर एकदम खाली गेली होती. अजून शुद्ध होती म्हणून आजीने तोंडात घातलेला गूळ घशाखाली उतरला. "पहाटंपतुर उशाशी बसले व्हते," आजी म्हणाली. मी पुण्यात त्या रात्री शांतपणे झोपलो असेन.

चादर दिली की ती दहा हिवाळे पुरते. शाळेला घंटा दिली की ती देणाऱ्याच्या पश्चातही वाजते. मधुमेहासाठी दिलेले दान तसे नाही. ते दर सकाळी संपते. हे मला त्या लाल फडक्याने शिकवले.

एका डॉलरची गोष्ट

तसे पाहिले तर इन्सुलिनचा जन्मच दानात झाला आहे. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या दोघा तरुणांनी प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध मिळवले; कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. हाडांचा सापळा उरलेला तो मुलगा सावरला आणि आणखी तेरा वर्षे जगला. त्याच्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मरण थोडे लांबवणे, एवढाच इलाज होता.

आता हे पेटंट विकून तिघांना कुबेर होता आले असते. पण बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली आपले हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा बँटिंगने आपल्या वाट्यातली अर्धी रक्कम बेस्टला दिली आणि मॅक्लाउडने कॉलिपला.

औषध असे जवळपास फुकट जगाला मिळाले. परंतु शंभर वर्षांनंतरही ते युसूफ वडगावच्या देवळीपर्यंत आपोआप पोचत नाही. मधले अंतर कोणीतरी चालावे लागते.

चालणारी माणसे

महाराष्ट्रात हे अंतर चालणारी माणसे आहेत. मुंबईत १९५५ सालीच डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ‘ड्रीम ट्रस्ट’ काढला, तो गरीब घरच्या मधुमेही मुलांना इन्सुलिन विनामूल्य मिळावे म्हणूनच. एका दात्याने एका मुलाचा खर्च उचलायचा, अशी तिथली एक योजना. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. परदेशातही असे हात आहेत. २००० साली सुरू झालेला ‘लाइफ फॉर अ चाइल्ड’ हा उपक्रम देशोदेशींच्या गरीब मुलांना इन्सुलिन आणि तपासणीचे साहित्य पुरवतो.

फसलेल्या दानानंतर मी अशा कामाची चौकशी करू लागलो, तेव्हा एका अनुभवी डॉक्टरांनी मला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडून दाखवला. दहा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २५ ते ३० युनिट इन्सुलिन लागते. आपल्याकडच्या साध्या बाटलीत ४०० युनिट असतात. म्हणजे महिन्याला दोन-तीन बाटल्या. साध्या इन्सुलिनची बाटली दीड-दोनशे रुपयांच्या घरात. पण दिवसाला तीन पट्ट्या धरल्या तर महिन्याला ९० पट्ट्या, आणि पट्टी बारा रुपयांना धरली तरी १,०८० रुपये! "लोक औषधाला पैसे देतात आणि पट्टीला देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "अहो, पट्टीवाचून इन्सुलिन म्हणजे कंदिलावाचून रात्रीचा घाट."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती तर माझ्या स्वप्नातही नव्हती. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. परदेशातून येणाऱ्या बाटलीत १०० युनिट असतात आणि तिची सिरिंज नारिंगी टोपणाची. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली बाटली कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने टोचली, तर औषध एकदम अडीचपट जाईल! म्हणून औषधाचे दान परस्पर गल्लीत करू नये. ते जाणत्या डॉक्टरांच्या हातून जावे.

तिसरी गोष्ट उन्हाची. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि आजीच्या घरात फ्रिज नाही. त्यावरचा उपाय आपल्या माठातच आहे. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, आणि त्यात कोरड्या डबीत बाटली. सच्छिद्र मातीतून पाणी उडून जाते आणि आत गारवा राहतो. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे गुणकारी राहिल्याचे दिसले. म्हणजे वापरातल्या बाटलीला मडके पुरते. साठ्याला मात्र दवाखान्याचा फ्रिजच हवा.

शिबिर आणि नंतर

मोठ्या माणसांची गोष्ट थोडी निराळी असली तरी धडा तोच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे तपासणी शिबिरांचा सुकाळ आहे. मंडप पडतो, हार होतात, बोटे टोचली जातात, फोटो निघतात. शेतमजुराला कळते की आपल्याला साखर आहे. दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि अकराव्या दिवशी तो होता तिथेच असतो. पायाची जखम त्याला कळत नाही, कारण पाय बधिर झालेला असतो, आणि तो अनवाणी रानात जातो. त्याला मंडपापेक्षा दरमहाच्या गोळ्या, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी आणि मऊ तळाचा एक वहाणजोड जास्त उपयोगी पडेल. पण वहाणजोडासाठी मंडप घालत नाहीत!

दर महिन्याची पाच तारीख

आता आमच्या मुलीचे नाव एका संस्थेच्या वहीत आहे. आजी महिन्याकाठी तिला तपासणीला नेते. बाटल्या, सिरिंजा आणि ९० पट्ट्या घेऊन येते. यंत्र देवळीतून खाली आले आहे. लाल फडक्याची आजीने पट्ट्या ठेवायला पिशवी शिवली. मुलगी स्वतः टोचून घेते, वहीत आकडे लिहिते, आणि आकडा वाढला की आजीलाच दटावते: "तूच भाकर जास्ती वाढलीस!" फडावरून आईचा फोन आला की पहिला प्रश्न "जेवलीस का?" नसतो, "किती आली?" असा असतो.

मी काय करतो? काही फार नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून एक लहानशी रक्कम त्या संस्थेकडे आपोआप जाते. तिच्यात हार नाही, टाळ्या नाहीत. कोणाच्या नावे ती खर्ची पडते, हेही मी विचारत नाही. बँकेला मी एवढेच बजावले आहे, की मी विसरलो तरी तुम्ही विसरू नका. कारण मी किती सहज विसरतो ते मी पाहिले आहे.

योगायोग पाहा. १४ नोव्हेंबर हा पंडित नेहरूंचा जन्मदिवस, म्हणून आपला बालदिन. बँटिंगचा जन्मही १४ नोव्हेंबरचाच, म्हणून तो जागतिक मधुमेह दिनही आहे. शिवाय दिवाळी त्याच्या आगेमागेच येते. वाचकहो, यंदा फराळाचा हिशेब मांडाल तेव्हा वहीच्या कोपऱ्यात एका बारक्या रकमेला जागा ठेवा. रक्कम बारकी असली तरी चालेल. बारा वेळा आली पाहिजे.

गेल्या भाऊबीजेला त्या मुलीने मला ओवाळले. सवयीने मी तबकात नोट टाकायला खिशात हात घातला. ती म्हणाली, "काका, नोट ऱ्हाऊ द्या. पाच तारखेचं जाईल ना?"

"जाईल," मी म्हटले.

"मग झालं," ती म्हणाली, आणि करंजी खाण्याआधी बोट टोचायला आत पळाली.