इंजिन थंड असतानाच पाहा

कारंज्याहून अमरावतीकडे जाताना सत्याग्रही घाट लागतो. या घाटातच आमच्या जुन्या मटाडोरनं मान टाकली. गाडी बजाज टेम्पोची. त्या कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं आणि मटाडोर बनणं तर केव्हाच थांबलं. तेव्हा भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन घेणं आलं. भाचा या गाडीत संत्र्याचे कॅरेट वाहतो. गाडी उभी राहिली की चूलही थंडावते.

पहिलं इंजिन आम्ही कानानं घेतलं. "मामू, आवाज पाहा ना!" भाचा म्हणाला. मी पडलो कवी, आवाजावर भाळलो. आठवड्यात गाडी काळानिळा धूर ओकू लागली. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, याले आधीच तापवून ठेवलं असन."

खरी गोम इथंच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, साधारण वीस पटींनी, की तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. तापलेलं मात्र झटकन सुरू होतं, आणि गिऱ्हाईक फसतं. काही जण तर घट्ट ऑइल घालून धूरही दाबतात.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींना घेऊन सकाळीच गेलो. त्यांनी आधी हेडवर हात ठेवला. थंड होतं. मग सुरू करून ऑइलचं झाकण उघडलं. तिथून धुराचे भपके आले तर 'बॅक कॉम्प्रेशन', म्हणजे रिंगा गेल्या. झाकणाच्या आत दुधाळ फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी उतरल्याचा संशय घ्यायचा. थोडं ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरायचं. धातूची चमचम दिसली तर बेअरिंग खाल्लं गेलंय. शेवटी हीटर प्लग काढून चारही सिलिंडरना मीटर लावलं. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एकच फार मागे पडला तर त्या सिलिंडरमध्ये दोष आहे.

हे इंजिन सगळ्यात पास झालं. किंमतही निम्मी. मिस्त्रींनी ब्लॉकवरचा नंबर फडक्यानं पुसला, तर तो घासलेला! इंजिन बदललं की नवा नंबर आरसी बुकात चढवावा लागतो. त्यासाठी आरटीओला इंजिनाचं बिल दाखवावं लागतं. विकणारा म्हणाला, "कोण पाहतं?"

भाच्यानं खिशातले पैसे एकदा चाचपले. "चला मामू," तो म्हणाला, "दुसरीकडं पाहू."