खाणीवरची जमीन किती खचेल?

भूगर्भातला कोळसा काढला की वरच्या खडकाचा आधार जातो. हा खडक किती काळ तग धरेल, जमीन किती खचेल आणि खचण्याचा फटका कुठवर पोचेल, याचा हिशेब खाणकामाआधीच मांडावा लागतो. विदर्भात हा हिशेब पुस्तकापुरता राहिलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातले एक घर जमिनीत गडप झाले. माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. वस्तीखाली इंग्रजांच्या काळातल्या कोळसा खाणीच्या पोकळ्या होत्या.

भारतातल्या बहुतेक जुन्या भूमिगत खाणींत कोळशाचेच खांब राखून मधल्या गल्ल्यांतून कोळसा काढला जाई. खांब शाबूत असतात तोवर जमीन जवळपास जागेवर राहते. शेवटी खांबही काढले की छत ढासळते. या ढासळलेल्या भागाला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात. मग वर रुंद, उथळ खोलगट भाग तयार होतो. त्याची कमाल खोली काढलेल्या थराच्या जाडीवर ठरते. छत ढासळू दिले तर भारतीय कोळसा क्षेत्रांत ती जाडीच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत जाते. पोकळीत वाळू भरली तर ५ टक्क्यांच्या आसपास राहते.

नेमक्या कोणत्या जागी किती, हे सांगण्याची एक खूप वापरातली रीत पोलंडच्या स्तानिस्लाव क्नोथे यांनी १९५० च्या दशकात बसवली. काढलेल्या कोळशाचा प्रत्येक लहान तुकडा वरच्या जमिनीवर घंटेच्या आकाराचा प्रभाव टाकतो, असे मानायचे आणि सगळ्या तुकड्यांच्या प्रभावांची बेरीज करायची. समजा, १०० मीटर खोलीवरचा ३ मीटर जाडीचा थर पूर्ण काढला. मधोमध जमीन सुमारे १.८ मीटर खाली जाईल. प्रभावाची त्रिज्या ५० मीटर धरली तर कडेपाशी सर्वाधिक उतार मीटरमागे ३६ मिलिमीटर येतो; म्हणजे १० मीटर लांबीच्या घराचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ३६ सेंटिमीटर खाली. घराला खरा धोका या कडेला असतो. तिथे जमीन ताणली जाते आणि भिंती फाटतात. मधोमधचे घर जास्त खाली गेले तरी सरळ उभे राहू शकते.

घुग्घुसची घटना मात्र या गणितात बसत नाही. उथळ, जुन्या गल्लीचे छत ढासळत वर सरकते आणि अचानक खड्डा पडतो. फुटलेला खडक फुगून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पोकळी हळूहळू भरते आणि ही पडझड बहुधा वाटेतच थांबते. खडक ३० टक्के फुगला तर ३ मीटर उंच गल्लीवरची पडझड साधारण १० मीटरांवर थांबावी. १० टक्केच फुगला तर ३० मीटरांपर्यंत पोचते. पावसाचे पाणी चुरा गल्लीत वाहून नेते तेव्हा थांबण्याची जागा आणखी वर जाते. त्यात जुन्या खाणींचे नकाशे अपुरे असले, तर खड्डा कुठे पडेल हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. तिथे बोअर घेऊन पोकळी शोधणे आणि ती भरणे हाच खरा इलाज.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याखाली कोळसा नाही. सगळा पठारी बेसाल्ट. तरीही खचण्याचा हिशेब तिथे लागू होतो. प्रस्तावित दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेत भूगड आणि खारगीहिल धरणांचे पाणी बोगद्यांतून पिंजाळकडे व पुढे मुंबईला न्यायचे आहे. एकूण ४० किलोमीटरांहून लांब बोगदे आखलेले आहेत. बोगद्यावर जमीन किती दबेल, यासाठी राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेला वक्रही घंटेच्याच आकाराचा आहे. १०० मीटर खोलीवर ५ मीटर व्यासाचा बोगदा खणला आणि खणताना त्याच्या आकारमानाच्या अर्धा टक्का जमीन आत सरकली, असे धरले तरी वरची जमीन एक मिलिमीटरही दबत नाही. हा वक्र मुळात मातीसाठीचा. घट्ट बेसाल्टात प्रत्यक्ष आकडा याहून कमीच यावा.

म्हणून इथे घरांना तडे जाण्याची भीती फारशी धरू नये, अपवाद बोगद्याच्या तोंडांजवळच्या तीव्र उतारांचा. या भागात तपासण्याची मोठी गोष्ट भूजलाची आहे. बेसाल्टच्या दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा, फुटलेला खडक किंवा डाइक (थरांना छेदणारी खडकाची उभी भिंत) बोगद्यात उघडा पडला, तर विहिरी आणि झऱ्यांचे पाणी तिकडे वळू शकते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांना १ मिलिमीटरपेक्षा हे कितीतरी महाग पडेल. पाणी किती वळेल याचा अंदाज बांधायला बोगद्याच्या रेषेवरच्या विहिरींची पातळी खोदाईच्या आधीची काही वर्षे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, मोजलेली लागते. जमिनीच्या हालचालीसाठी लेव्हलिंगचे, म्हणजे उंची मोजण्याचे, खुंट आहेतच. जोडीला जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जमीन रडारने पाहतो. त्याच्या लांब लहरी झाडोऱ्यातूनही बऱ्यापैकी आरपार जातात.