हिम, बर्फ आणि घसरणारी चाके : हिमाळ हिवाळ्यातल्या अडचणींमागचे विज्ञान

आकाशातून पडते ते आणि फ्रीझरमध्ये तयार होते ते, या दोन्हींना मराठीत आपण बर्फच म्हणतो. या टिपणात मात्र पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थाला हिम म्हणू आणि घट्ट गोठलेल्या पाण्याला बर्फ. हा फरक सुरुवातीलाच करून घ्यायचे कारण असे की पुढच्या बहुतेक अडचणी हिमाचा बर्फ होऊ लागला की सुरू होतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या विषयाशी काय देणेघेणे, असे तुम्ही विचाराल. तुमच्यापैकी काही जण डिसेंबरच्या सुटीत गाडी घेऊन मनालीला जातील. काही जण पुढे सीमा रस्ते संघटनेत किंवा लष्करात नोकरी करतील, काही शिकायला कॅनडात जातील. आपल्याकडच्या घाटात गाडी चालवायची सवय तिथे अर्धीच कामाला येते. उरलेली अर्धी घातक ठरू शकते, कारण ती चाकाची रस्त्यावरची पकड गृहीत धरते.

पकडीचा हिशेब

ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर पहिल्या वर्षाच्या यांत्रिकीतले सूत्र देते: वेगाचा वर्ग भागिले घर्षण गुणांक आणि गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक साधारण ०.७ असतो. चाकांनी दाबून कडक झालेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. कोरड्या रस्त्यावर गाडी ९ मीटरमध्ये थांबेल, दाबलेल्या हिमावर ३१ मीटर घेईल, बर्फावर ६३ मीटर. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर प्रत्येक आकड्यात ११ मीटर मिळवा.

हे सपाट रस्त्याचे झाले. आता १४ ला १ असा उतार घ्या. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ओढते, म्हणून गुणांकातून उतार वजा करावा लागतो. ०.१ मधून सुमारे ०.०७१ गेले की ०.०२९ उरतात. त्याच वेगाने येणारी गाडी आता २०० मीटरहून जास्त घसरत जाईल. घाटात २०० मीटर सरळ रस्ता कुठे असतो? उतार १० ला १ झाला तर वजाबाकी शून्यावर येते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबतच नाही. हा भाग परीक्षेत विचारला जातो म्हणून नव्हे, तर एकदा आकडे घालून स्वतः करून पाहा म्हणून सांगतो. वेग निम्मा केला की अंतर चौथाई होते, हे कागदावर दिसले की जास्त पटते.

वळणाचेही तेच. २० मीटर त्रिज्येच्या तीव्र वळणावर बर्फ असेल, तर ताशी १६ किलोमीटरपुढे गाडी वळण सोडून सरळ बाहेर जाऊ लागते. मग वळणावर रस्त्याची बाहेरची कड आणखी उचलावी, म्हणजेच सुपर-एलिव्हेशन वाढवावे, असे एखादा हुशार विद्यार्थी सुचवतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत नेमका उलट आहे: हिम न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्क्यांपर्यंत सुपर-एलिव्हेशन चालते, हिम पडणाऱ्या भागात मर्यादा ७ टक्के. कारण बर्फावर गाड्या अगदी हळू चालतात, कधी थांबूनही राहतात. रस्ता जास्त तिरका असेल तर अशी गाडी वळणाच्या आतल्या बाजूला घसरत येईल.

सर्वांत फसवा तो पारदर्शक बर्फ. त्याला सगळीकडे ब्लॅक आइस म्हणतात, पण तो काळा नसतो. त्याच्या पातळ थरातून खालचे डांबर दिसते, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. दुपारच्या उन्हात कडेचे हिम वितळून पाणी रस्त्यावर येते आणि सूर्य डोंगराआड गेला की गोठते. म्हणून सकाळी उन्हे येण्याआधीचा आणि संध्याकाळचा प्रवास टाळायचा. सावलीतली वळणे आणि पूल आधी गोठतात. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, शिवाय खाली जमिनीची ऊब नसते. आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: शून्याच्या जवळ असलेला बर्फ उणे २० अंशांच्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो.

फोर बाय फोरचा गैरसमज

२०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान हजाराच्या आसपास वाहने हिमात अडकून पडली होती. अशा दिवशी पोलिस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. त्यामुळे चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी सुरक्षित, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायला आणि चढायला मदत होते. थांबायला काहीच होत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. चढून गेलेली गाडी उतरावीही लागते.

साखळी मात्र खरोखर काम करते. तिच्या कड्या हिमात आणि बर्फात रुततात. ती इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना लावायची. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाके असतात. उतारावर मागची चाके मोकळी राहून शेपूट फिरण्याचा धोका उरतोच, म्हणून चारही चाकांना लावणे उत्तम. मोकळे डांबर लागले की साखळ्या काढायच्या, नाहीतर टायर आणि रस्ता दोन्ही खराब होतात.

चालवण्याचे तंत्र थोडक्यात: खालचा गिअर, हलका पाय, अचानक काही नाही. शेपूट घसरले तर ते ज्या बाजूला जाते त्या बाजूला स्टिअरिंग वळवायचे. एबीएस असेल तर ब्रेक दाबून धरायचा. पायाखाली थरथर जाणवते ती बिघाडाची नसते. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. सकाळी काचेवर उकळते पाणी ओतणाऱ्यांची काच तडकते, हे वेगळे सांगायला नको.

इंजिन, इंधन आणि हवा

थंडीत डिझेलमधल्या मेणासारख्या घटकांचे स्फटिक होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. टाकी भरलेली, पण इंजिनाला थेंब मिळत नाही. लडाख आणि लाहौल-स्पितीत ट्रकचालक टाकीखाली आग पेटवून डिझेल पातळ करत, धोका पत्करूनच. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने अशा भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. पण तुमच्या टाकीत चंदीगडला भरलेले डिझेल असेल तर वर जाऊन त्याचा उपयोग नाही. टाकी खाली आणायची आणि वरच्या पंपावर भरायची.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालण्याची आपल्याकडची काटकसर तिथे इंजिन फोडते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळले की गोठणबिंदू उणे ३७ अंशांपर्यंत खाली जातो. बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिन फिरवायला जास्त ताकद मागते.

टायरच्या हवेची गंमत पाहा. मैदानात २५ अंशांना ३२ पीएसआय हवा भरली आणि तापमान उणे १० झाले, तर समुद्रसपाटीवर मापक साडेसव्वीस दाखवील. टोरांटोत राहणाऱ्याला म्हणूनच हिवाळ्याच्या तोंडावर हवा तपासावी लागते. पण तीच गाडी ३,००० मीटरवरच्या केलाँगला नेली, तर तिथला वातावरणाचा दाब कमी असल्याने मापक पुन्हा ३१ च्या जवळ जातो.

कॅनडाचा उल्लेख आलाच आहे तर, क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते. तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ बर्फाचा गोठणबिंदू उतरवते, पण उणे १० च्या खाली त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि पत्रा गंजतो तो वेगळाच.

घरात

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलाँ म्हणतात. या दिवसांत नळ गोठतात, पाइप फुटतात. रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात, कारण वाहते पाणी आपल्याबरोबर थोडी उष्णता आणते. लाहौल आणि लडाखमध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे पाइप रिकामेच करून ठेवावे लागतात.

छतावरचे हिम हलके दिसते. दबलेल्या हिमाची घनता घनमीटरला २५० किलो धरली, तर ३० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला ७५ किलो भरतो. १० बाय ८ मीटरच्या सपाट छतावर ६ टन. आय.एस. ८७५ या मानकाचा चौथा भाग याच भाराविषयी आहे. उतरत्या पत्र्यावरून हिम आपोआप घसरते, फक्त ते कोणाच्या डोक्यावर पडणार हे आधी पाहून दार ठेवायला हवे.

हिवाळ्यातला खरा मारेकरी मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नाही. बंद खोलीत शेगडी किंवा धुराडे तुंबलेली बुखारी जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून जास्त पट घट्ट धरते. डोके जड होते, झोप येते, आणि माणसाला वाटते की उबेने डोळा लागतो आहे. गाडीतही तसेच. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली; गारठा आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही कारणे तेव्हा पुढे आली.

तुम्ही कधी असे अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचे हिम हाताने किंवा फावड्याने दूर करा. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवा, तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवा, आणि गाडीतला एक जण कायम जागा ठेवा.