राजगीरचे गरम कुंड: उतरण्याआधी एवढे वाचा

बोधगया-नालंद्याच्या सहलीत राजगीर असतेच, आणि राजगीरला गरम कुंड. वैभार डोंगराच्या पायथ्याच्या या झऱ्यांना पालि साहित्यात ‘तपोदा’ म्हटले आहे. विनयपिटकात नोंद आहे की, भिक्खू तिथे अंघोळ करत राहिले आणि राजा बिंबिसार अंधार पडेपर्यंत ताटकळला. तेव्हा बुद्धांनी पंधरवड्यातून एकदाच अंघोळीचा नियम केला. पुढे उन्हाळा, आजारपण, काम आणि प्रवास यांसाठी सूट दिली. शरीराची गरज बघून नियम बदलला.

आपणही शरीराकडे बघूनच कुंडात उतरावे. जमिनीत खोल मुरलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापून भेगांतून वर येते. यात चमत्कार नाही. ब्रह्मकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस असते. आखडलेल्या सांध्यांना बरे वाटते, पण तेवढ्यापुरतेच. संधिवात किंवा कुष्ठरोग त्याने जात नाही. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

वस्तीत फिरताना आम्ही आयाबायांना एकच सांगतो: सहलीतही शुगर-बीपीच्या गोळ्या चुकवू नका. शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही. फोड येतो, जखम चिघळते, पाय कापायची वेळ येते. अशांनी पाय बुडवूच नयेत. गरोदर बाया, हृदयविकाराचे रुग्ण, तान्ही लेकरे आणि उघडी जखम असलेल्यांनीही उतरू नये. बाकीच्यांनी पाच मिनिटांत बाहेर यावे, हळू उठावे, चक्कर येते. पाणी पिऊ नये, नाकात जाऊ देऊ नये. बाहेर आल्यावर साधे पाणी भरपूर प्यावे.