जुनी ४०७ घरी उभी करताय? क्रम पाळा!

टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. अशी जुनी गाडी अंगणात, सवडीने उभी करण्यासारखं समाधान नाही!

आधी चेसिस. हातोडीने ठोकत जा: खणखणीत वाजलं तर लोखंड शाबूत, बद्द वाजलं तर गंजलेलं. तारेच्या ब्रशने गंज खरवडून लगेच रेड ऑक्साइड मारा.

मग ब्रेक. व्हील सिलिंडरची रबरं नवीच टाका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेही बदला. नंतर पाटे, वायरिंग, इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा. इंजिन किंवा बॉडी बदलायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. ती आधी घ्या, मगच पाना उचला.