हुंकार देणारा पाहिजे

आमच्या भागात गोष्ट ऐकणाऱ्यालाही काम असते. सांगणारा वाक्य पुरे करून थांबला की ऐकणाऱ्यांपैकी एकाने ‘हूं’ म्हणायचे. याला हुंकार देणे म्हणतात. हुंकार बंद झाला की सांगणाऱ्याने समजायचे, मंडळी झोपली. मग तोही गोष्ट तिथेच ठेवून कांबळे अंगावर ओढून घेतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीकडच्या गावांत मी कितीतरी वर्षे गोष्टी सांगत फिरतो आहे. अनुभवाने सांगतो, गोष्टी पाठ असणे हा या कामातला सोपा भाग आहे. हुंकार मिळवणे अवघड.

‘तुम्ही नेमके काय करता?’ असे लोक विचारतात. थोडी शेती आहे, धान पिकवतो. धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत शाळांत, आश्रमशाळांत, मंडईत, कुणाच्या अंगणात बोलावतील तिथे गोष्टी सांगतो. कीर्तनकार मी नव्हे, दंडारीत सोंगही घेत नाही. झाडीपट्टीत नाटकाला माणसांची वाण नाही. वडशाच्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात, लोक थंडीत कुडकुडत बसतात. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण माझ्या गोष्टीला वीस-पंचवीस माणसे पुरेत. पन्नास झाली की हुंकार ऐकू येत नाही आणि ध्वनिक्षेपक लावला की तो कुणी देतच नाही.

हंगामाचे म्हणाल तर त्यालाही कारण आहे. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे आमची आजी बजावत असे. पावसाळ्यात बांधीत चिखल तुडवणाऱ्या माणसाला रात्री जागायचे त्राण कुठून येणार? चुरणी झाली, खळ्यावर राखणीला बसायचे दिवस आले, की गोष्टींना वेळ सापडे. गंमत अशी की पार आयर्लंडमध्येही हाच रिवाज होता. तिथेही वीरांच्या लांब कथा हिवाळ्याच्या रात्रीच सांगत, दिवसा सांगणे अशुभ मानत. केरी परगण्यात शॉन ओ कोनिल नावाचा एक शेतकरी-कोळी होता, १८५३ ते १९३१ हा त्याचा काळ. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण गोष्टींचा साठा अफाट. पुढे पुढे त्याच्या गावात त्या कथा ऐकणारे कुणी उरले नाही. तेव्हा विसरू नयेत म्हणून तो गाई राखताना त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणे. एकदा तर लोकांनी त्याला गाडीमागून चालताना, गाडीच्या पाठीला हातवारे करून गोष्ट सांगताना पाहिले. डेलार्गी या लोककथा-अभ्यासकाने त्याच्या कथा लिहून घेतल्या आणि १९४८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. लोक हा प्रसंग कौतुकाने सांगतात. मला मात्र तो वाचल्यावर हसू आले नाही. गाडी हुंकार देत नाही.

आमच्याकडे या कामाची जुनी आणि पक्की व्यवस्था परधानांची. परधान हा गोंडांचा गाथा गाणारा. हातात किंगरी, म्हणजे गजाने वाजवायचे तारवाद्य. मध्य प्रदेशात त्याच्या भावंडाला बाना म्हणतात. प्रत्येक परधान घराण्याची यजमान घरे ठरलेली. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली पुस्तक लिहिले. तिकडचा परधान दर तीन वर्षांनी यजमानाच्या दारी जाई, त्याच्या कुळाची, देवाची गाथा गाई आणि धान्य, कपडा, कधी जनावर घेऊन परते. यजमानाकडे मृत्यू झाला तर मृताच्या वस्तूंवर त्याचा हक्क असे. तेलंगणात आदिलाबादकडच्या परधानांची घरची बोली मराठी, पण यजमानाच्या देवापुढे गाथा गोंडीतूनच गातात. घरात एक भाषा आणि कामाची दुसरी! आपण मराठी माणसे भाषेचा इतका अभिमान मिरवतो, पण मराठी बोलणाऱ्यांनी दुसऱ्याची गाथा पिढ्यान्‌पिढ्या जपली हे आपल्या कुणाच्या गावी नाही.

आणि गाथा म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. लिंगोने गोंडांची घराणी कशी वाटून दिली, कोण चार देवांचे, कोण पाच, सहा, सात देवांचे, हे तीत येते. एकाच संख्येचे देव असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. पुरात बुडणाऱ्या भावांना मगरीने दगा दिला आणि कासवाने तारले, हा प्रसंगही त्यातलाच. कासवाला न मारण्याची काही कुळांची रीत त्यावरून सांगतात. तेव्हा गाणाऱ्याच्या जिभेवर यजमानाचे नातेगोते असते. तिथे चूक झाली तर उद्या लग्न अडते.

असे असून परधानाचे पंगतीतले स्थान मात्र खालचे. स्कॉटलंडमध्ये हेच घडलेले दिसते. तिथे भटक्या, पत्र्याची भांडी करून विकणाऱ्या लोकांना गावाने दूर ठेवले आणि जुन्या गोष्टी सापडल्या त्यांच्याच तंबूत. एडिनबर्गला १९५१ साली लोकपरंपरेच्या अभ्यासाची संस्था निघाली, तेव्हा हॅमिश हेंडरसन बेऱ्या तोडायला आलेल्या या लोकांच्या मुक्कामावर ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गेले. डंकन विल्यमसन हा त्यांच्यातला नावाजलेला कथेकरी. तंबूत जन्मला, २००७ साली वारला.

स्कॉटलंडचा आमच्याशी आणखी एक धागा आहे. नागपूरला ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मूळचे स्कॉटिश. १८४५ साली ते नागपूरला आले. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून गेले आणि रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. त्यात गोंडांना एका गुहेत कोंडल्याची कथा आहे, ठिकाण काचीकोपा लोहागढ. मोतीरावण कंगाली आणि इतर गोंड अभ्यासकांनी ते ठिकाण सालेकसा तालुक्यातले कचारगड म्हणून ओळखले. आज माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे येतात. तिथे सांगतात ती कथा छापील गाथेहून वेगळी आहे. काली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली होती. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरीवाला हिरासुका पाटालीर आले. किंगरीच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी दरवाजाची शिळा ढकलली, आणि ती शिळा हिरासुकावरच कोसळली. मुले सुटली, गाणारा गेला. परधान त्याला आपला मूळपुरुष मानतात.

हे कथानक मी इथे चार ओळींत सांगितले, कारण यात्रेत ते सर्वांनाच सांगतात. पण माझ्या कार्यक्रमात मी लिंगोची गाथा सांगत नाही. मी परधान नाही. माझ्यामागे यजमान नाही, किंगरीही नाही. आयोजक गळ घालतात, ‘आदिवासींचे काहीतरी होऊन जाऊ द्या.’ मी म्हणतो, मानधन त्यांना द्या, त्यांनाच बोलवा. काही वेळा माझाच कार्यक्रम रद्द होतो, तेवढे चालते. माझ्याजवळ आजीचा माल पुष्कळ आहे. तळ्यातली भुते, आळशी जावई, वाघाला फसवणारी म्हातारी. कोल्हा तर कितीही सांगा, संपत नाही.

आजीच्या गोष्टी आजीच्याच बोलीत सांगाव्या लागतात. झाडीबोलीत डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी, शाळा ती सारा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला आणि तिला छापील पानावर आणले. तरी पाहुणा वर्गात झाडीबोलीत बोलू लागला की पहिली पाच मिनिटे पोरे एकमेकांकडे बघून हसतात. घरात बोलायची भाषा फळ्यासमोर कशी, हा त्यांचा प्रश्न. मी ती पाच मिनिटे जाऊ देतो. हीच गोष्ट प्रमाण मराठीत मी सांगून पाहिली आहे. म्हातारी तिच्यात वाघाशी जिल्हा परिषदेच्या पत्रासारखी बोलू लागते.

पैशाचे विचाराल तर शाल, नारळ आणि जाण्यायेण्याचे भाडे, एवढे बहुधा मिळते. एकदा एका ठिकाणी दहा मिनिटांत व्यसनमुक्ती, शौचालय आणि मुलींचे शिक्षण असे तिन्ही विषय बसवून गोष्ट मागितली होती. कोल्ह्याला काय काय करायला लावणार! मी नम्रपणे नाही म्हटले. सरकारी कलापथके ते काम चांगले करतात, त्यांना ते करू द्यावे.

वर्गात हुंकार मिळवायची एक युक्ती मला सापडली आहे. सर्वांना ‘हूं’ म्हणायला सांगितले तर नुसता गोंगाट होतो. म्हणून शेवटच्या बाकावरचे, कधी हात वर न करणारे एक पोर निवडतो आणि सांगतो, ‘तू थांबलास तर मी थांबेन.’ बाकीची पोरे मग त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. तो पेंगला की दोन्हीकडून कोपरखळ्या बसतात.

कचारगडच्या यात्रेला मी दरवर्षी जातो, पण गोष्ट सांगायला नाही. भोंगे, दुकाने, भाषणे यांच्या गर्दीपासून थोडे दूर, शेकोटीपाशी कधी एखादा वृद्ध परधान किंगरी घेऊन बसलेला सापडतो. भोवती पाच-सात माणसे, त्यातली दोन मोबाइलवर टिपत असतात. गोंडी मला अर्धीमुर्धीच कळते. तरी मी जवळ सरकून बसतो आणि त्यांचे कडवे संपले की ‘हूं’ म्हणतो. ते गाणे थांबवेपर्यंत उठायचे नाही, एवढे ठरलेले. दरेकसा स्टेशनवर सकाळची गाडी मिळतेच.